‘ख्रिस्तवासी’ आणि ‘ख्रिस्तात निजली’ : अंतिम न्यायाच्या मराठी परिभाषेसंबंधी काही विचार

मृत व्यक्तीच्या नावाशी कोणता शब्द जोडावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिष्टाचाराचा वाटतो. गेल्या वर्षी शीव येथील एका परिचित ख्रिस्ती कुटुंबात तो अधिक गंभीर स्वरूपात उपस्थित झाला, आणि भाषेचा अध्यापक म्हणून प्रस्तुत लेखकाकडे सोपविण्यात आला. या कुटुंबातील आई ईस्ट इंडियन कॅथलिक, तर वडील नगर जिल्ह्यातील मराठी प्रॉटेस्टंट घराण्यातले. आईच्या निधनास काही वर्षे लोटल्यानंतर, मुंबईत जागेच्या टंचाईमुळे रूढ झालेल्या प्रघातानुसार, कबर मोकळी करून अस्थी दफनभूमीच्या भिंतीतील कोनाड्यात ठेवावयाच्या होत्या. कोनाड्याच्या तोंडाशी बसवावयाच्या संगमरवरी पाटीवर नाव, दोन साले आणि आणखी एकच ओळ मावेल, असे कारागिराने सांगितले. पुढे वडिलांच्या मंडळीत गेलेल्या धाकट्या मुलास त्या ओळीत ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द हवा होता. आईच्या पंथात राहिलेल्या थोरल्याचा आग्रह ‘ख्रिस्तात निजली’ असा होता. थोरल्याचे म्हणणे असे की, आई जर आताच ख्रिस्ताच्या ठायी वास करीत असेल, तर दरवर्षी 2 नोव्हेंबरला तिच्यासाठी मिस्सा कशाकरिता अर्पावयाची? धाकट्याचा प्रश्न याच्या नेमका उलट होता: ती नुसती निजली असेल, तर इतकी वर्षे ती आहे तरी कोठे?

भावांमधील हा वाद शब्दांचा होता हे खरे. परंतु ख्रिस्ती धर्मातील अंतिम न्यायाच्या सिद्धान्ताची सारी अडचण या दोन शब्दांत साठविलेली आहे. ती उलगडून दाखविण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

प्रथम ‘वासी’ या उत्तरपदाचा विचार करू. मराठीत ‘कैलासवासी’ व ‘वैकुंठवासी’ हे शब्द जुने आहेत. पहिला इतका रुळला की, त्याचे ‘कै.’ हे संक्षिप्त रूप मूळ अर्थाची आठवण न राहताही लिहिले जाते. त्यांच्या नमुन्यावर इतर धर्मसमाजांनी आपापले शब्द घडविले: मुसलमानांसाठी ‘पैगंबरवासी’, 1956 च्या धर्मांतरानंतर ‘बुद्धवासी’, आणि ख्रिस्ती लोकांसाठी ‘ख्रिस्तवासी’. व्याकरणदृष्ट्या येथे एक स्थित्यंतर झालेले दिसते. कैलास व वैकुंठ ही स्थाने होत. पैगंबर, बुद्ध व ख्रिस्त या व्यक्ती. व्यक्तीच्या ठायी ‘वास’ करणे ही गोष्ट मराठीच्या प्रकृतीस काहीशी अपरिचित आहे. यावरून हे तिन्ही शब्द केवळ अनुकरणाने आलेले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. ‘पैगंबरवासी’विषयी तो बहुधा बरोबर ठरेल, कारण इस्लामी श्रद्धेत त्यास आधार शोधणे कठीण आहे. ‘ख्रिस्तवासी’ची गोष्ट मात्र निराळी आहे. संत पौलाच्या पत्रांत ‘ख्रिस्तामध्ये’ ही सप्तमीची रचना पुनःपुन्हा येते. श्रद्धावंत मनुष्य जिवंतपणीच ख्रिस्तामध्ये असतो, अशी त्याची धारणा आहे. आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तर येथून निघून ख्रिस्ताजवळ असण्याची उत्कंठा तो उघडपणे व्यक्त करतो. म्हणजे ज्या कोणी प्रथम ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द योजला, त्याने घाट हिंदू घरातला घेतला असला, तरी आत ओतलेला अर्थ पौलाचाच होता.

आता दुसरा शब्द. तोही पौलाचाच आहे, आणि येथेच गुंतागुंत सुरू होते. इसवी सनाच्या 50 च्या सुमारास थेस्सलनीका येथील नवख्या ख्रिस्ती मंडळीस त्याने जे पहिले पत्र लिहिले, त्यात एका अत्यंत व्यावहारिक दुःखाचा परामर्श आहे. ख्रिस्त लौकरच परत येणार, या अपेक्षेने ते लोक जगत होते. अशात त्यांच्यातील काही जण मरण पावले. जे आधीच गेले ते त्या येण्यास मुकले की काय, ही त्यांची भीती होती. पौलाने त्यांना मेलेले न म्हणता झोपी गेलेले म्हटले. ते प्रथम उठतील, मग जिवंत असलेले त्यांना जाऊन मिळतील, असा धीर दिला. ही कल्पना त्याला यहुदी परंपरेतून मिळाली होती. दानिएलाच्या ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळांच्या जागे होण्याचा उल्लेख आहे. काही सार्वकालिक जीवनासाठी, काही अप्रतिष्ठेसाठी. 

या ‘निजणे’ क्रियापदाने पुढे युरोपच्या भाषांना एक शब्दच दिला. ग्रीकमध्ये ‘कोइमेतेरिऑन’ म्हणजे निजावयाची जागा. ख्रिस्ती लोकांनी तो शब्द दफनभूमीस लावला, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीचा विख्यात प्रवचनकार योहान क्रिसोस्तोम याने त्याचा हा अर्थ आपल्या श्रोत्यांना मुद्दाम उलगडून सांगितला. लॅटिनमधून तो पोर्तुगीजांकडे आला व गोव्याच्या कोंकणीत ‘सिमितेर’ झाला. इंग्रजीवाटे तोच मुंबईत ‘सिमेटरी’ म्हणून नांदतो. पाद्री, क्रूस, मिस्सा हे शब्द ज्या वाटेने आले, तीच ही वाट. आपल्या ‘स्मशान’ व ‘कबरस्थान’ या शब्दांत झोपेचा मागमूस नाही.

झोप आहे म्हणजे जाग आहे, आणि जाग म्हणजे उठणे. मराठी बायबलात यासाठी ‘पुनरुत्थान’ हा शब्द स्थिर झाला आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो फार समाधानकारक आहे, कारण मूळ ग्रीक ‘अनास्तासिस’ मधील धातू आणि ‘उत्थान’ मधील ‘स्था’ हे एकाच कुळातले आहेत. दोन हजार वर्षांनी आणि दोन भाषांच्या अंतराने धातू पुन्हा आपल्या भावंडास भेटला. अरबी ‘कयामत’ या शब्दाच्या मुळाशीही उभे राहणे हाच अर्थ आहे. मात्र ‘पुनर्’ हा उपसर्ग ग्रीक शब्दात नाही. लॅटिनमध्ये त्याच्या जोडीचा उपसर्ग आला व मराठीतही आला. आणि मराठीत त्याने एक अनपेक्षित घोटाळा केला. ‘पुनरुत्थान’ ऐकताच सामान्य श्रोत्याच्या कानात ‘पुनर्जन्म’ वाजू लागतो. वस्तुतः या दोन कल्पना परस्परांपासून जितक्या दूर असू शकतात तितक्या दूर आहेत. पुनर्जन्मात आत्मा तोच व देह निराळा. पुनरुत्थानात तोच मनुष्य, आणि देहही त्याचाच, जरी तो रूपांतरित झालेला असला तरी. पौलाने यासाठी पेरलेल्या दाण्याचा दृष्टान्त दिला आहे. शिवाय पुनर्जन्म अनेकवार घडतो. पुनरुत्थान एकदाच, सर्वांचे एकत्र, आणि त्याच्यामागून न्याय.

‘न्याय’ या शब्दासंबंधी येथे थोडे थांबणे अवश्य आहे. मराठी भाषांतरकारांनी ‘न्याय’ व ‘न्यायाचा दिवस’ हे शब्द पत्करले, आणि ते आता हलविता येणार नाहीत. तथापि प्रस्तुत लेखकास नेहमी असे वाटत आले आहे की, मराठीत याहून नेमका एक शब्द हाताशी होता: ‘निवाडा’. ग्रीक ‘क्रिसिस’ हे नाम ज्या क्रियापदापासून आले, त्याचा मूळ अर्थ वेगळे करणे, पाखडून बाजूला काढणे असा आहे. ‘निवाडा’ हाही ‘निवडणे’ याच क्रियेचा अपत्यशब्द होय. सुपातील तांदूळ निवडणारी बाई आणि मराठेशाहीतील निवाडपत्र लिहिणारी गोतसभा या दोघांना जोडणारा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे जे प्रसिद्ध चित्र आहे, तेही निवडण्याचेच आहे: मेंढपाळ मेंढरे उजवीकडे व शेरडे डावीकडे करतो. आणि तेथे निवडीची कसोटी काय? भुकेल्यास अन्न दिले काय, तान्हेल्यास पाणी दिले काय, उघड्यास वस्त्र दिले काय, बंदिवानाची भेट घेतली काय. पोथीतील प्रश्न त्या परीक्षेत एकही नाही. 

चित्रगुप्ताच्या वहीशी या चित्राची तुलना आपल्याकडे वारंवार केली जाते. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात पुस्तके उघडल्याचा उल्लेख असल्यामुळे ती सुचतेही सहज. परंतु चित्रगुप्ताचा हिशेब प्रत्येक मनुष्याचा सुटा, मरणानंतर लगोलग, आणि भोग संपताच पुन्हा जन्माकडे नेणारा. उलट अंतिम न्यायाचा दिवस हा साऱ्या जगाच्या इतिहासाचा शेवटचा दिवस आहे. त्यानंतर खाते उघडत नाही. या भेदामुळेच ‘नरक’ शब्दाचा मोठा पेच झाला. पौराणिक कल्पनेतील नरकवासाला मुदत असते. बायबलातील ‘गेहेन्ना’ला, परंपरेच्या बहुमान्य अर्थाप्रमाणे, ती नाही. म्हणून मराठी बायबलास ‘सार्वकालिक’ हे विशेषण जागोजागी जोडावे लागले. मुदतीचा, शुद्धी करणारा क्लेश असा अर्थ पाहिला तर हिंदू ‘नरक’ हा ख्रिस्ती नरकापेक्षा कॅथलिक ‘पुर्गातोर’ला, म्हणजे स्वर्गाआधीच्या शुद्धीच्या अवस्थेला, अधिक जवळचा आहे, ही गोष्ट भाषांतरकारांनी फारशी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

गेहेन्ना हे मुळात एका दरीचे नाव. यरुशलेमच्या दक्षिणेस हिन्नोमची दरी आहे, त्यावरून हा शब्द निघाला. अरबीत तोच ‘जहन्नम’ झाला आणि फारसीच्या संगतीने मराठी शिव्याशापांत येऊन बसला. म्हणजे मिशनरींच्या भाषांतरांपूर्वीच आपल्या भाषेत बायबलाची ही दरी निनावीपणे राहत होती. ज्या टेकडीला आज सियोन म्हणतात, तिच्या पायथ्यालाच ती आहे. शीवच्या रहिवाशास यात थोडे कौतुक वाटल्यास नवल नाही, कारण आमच्या वस्तीचे ‘सायन’ हे इंग्रजी नाव जेझुइट पाद्र्यांनी सियोनच्या टेकडीवरून ठेवले, अशी एक प्रसिद्ध व्युत्पत्ती सांगितली जाते. ती मोहक आहे. पण ‘शीव’ हा अस्सल मराठी शब्द असून तो ‘सीमा’ पासून अगदी नियमाने आला आहे. ‘नाम’चे नाव, ‘ग्राम’चे गाव, ‘आमलक’चा आवळा, तशी ‘सीमे’ची शीव, जुन्या लेखनातील ‘शींव’ या रूपातला अनुस्वार गेलेल्या ‘म’काराची खूण जपतो. इंग्रजांचे मुंबई बेट व पोर्तुगीजांची साष्टी यांच्या सरहद्दीवरचे हे गाव. 1669 ते 1677 या काळात येथे बांधलेला किल्ला त्या सरहद्दीचीच राखण करी. पोर्तुगीज कानास ‘शींव’ आणि आपल्या भाषेतील सियोनवाचक सानुनासिक शब्द यांत साम्य भासले असेल व त्यातून इंग्रजी लेखन ठरले असेल, इतके फार तर म्हणता येईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मृत मनुष्य न्यायाच्या दिवसापर्यंत निजलेला असतो, की मरताच ख्रिस्ताजवळ जातो? बायबलात दोन्ही उत्तरांना आधार आहे. लूकाच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य व दरिद्री लाजर यांना मरताक्षणीच आपापले स्थान मिळालेले आहे. त्याच शुभवर्तमानात शेजारच्या क्रुसावरील चोराला येशू ‘आज’ सुखलोकाचे वचन देतो. (प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे नसल्यामुळे हा ‘आज’ वचन देण्याच्या क्रियेला जोडावा की सुखलोकात असण्याच्या, यावर काही पंथ आजही वाद घालतात. एका स्वल्पविरामावर परलोकाचे वेळापत्रक अवलंबून असल्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.)

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता, हे चौदाव्या शतकातील एका प्रसंगावरून दिसून येते. 1331 च्या सर्वसंतांच्या सणापासून पोप बाविसावा योहान याने आपल्या प्रवचनांतून असे प्रतिपादन केले की, पुण्यवंतांच्या आत्म्यांना देवाचे साक्षात् दर्शन अंतिम न्यायानंतरच घडेल. त्यावर मोठा गदारोळ उसळला. तसे असेल तर ज्या संतांची मध्यस्थी लोक रोज मागत होते, ते संत आज कोठे होते? 1334 मध्ये मृत्युशय्येवर त्याने आपले मत मागे घेतले, आणि 1336 मध्ये त्याचा उत्तराधिकारी बारावा बेनेदिक्त याने निर्णय दिला: शुद्ध आत्म्यांना दर्शन तत्काळ घडते, ज्यांना शुद्धीची गरज आहे त्यांना ती झाल्यावर, आणि महापातकात मेलेल्यांना दंडही तत्काळ, तरीही न्यायाच्या दिवशी सर्व जण आपापल्या देहासह उभे राहतील. येणेप्रमाणे कॅथलिक शिकवणुकीत न्याय दोन झाले: एक प्रत्येकाचा मरणसमयीचा खाजगी न्याय, दुसरा सर्वांचा अखेरचा जाहीर न्याय. दुसऱ्याने पहिला निर्णय फिरत नाही. मग त्याचे प्रयोजन काय, असे कोणीही विचारील. यावर दिले जाणारे उत्तर प्रस्तुत लेखकास विचारार्ह वाटते: मनुष्याच्या कृत्याचे परिणाम त्याच्या मरणानंतरही वाहत राहतात, म्हणून त्याचा पूर्ण हिशेब इतिहास संपल्याखेरीज मांडताच येत नाही.

मृतांसाठी प्रार्थनेची प्रथा या दोन न्यायांच्या मधल्या अवकाशात बसते. 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस क्लूनी मठाचा अधिपती ओदिलो याने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांत सुरू केला, आणि 1563 मध्ये त्रेंत येथील धर्मपरिषदेने शुद्धिस्थानाच्या शिकवणुकीवर शिक्कामोर्तब केले. प्रॉटेस्टंट सुधारकांनी ती अमान्य केली. मात्र त्यांच्यातही मतैक्य नव्हते. लूथर मरणाला आवर्जून झोप म्हणे. काल्व्हिनने याच आत्मनिद्रेच्या मताविरुद्ध 1534 मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे काल्व्हिनच्या परंपरेतील प्रश्नोत्तरावल्यांनी असा समन्वय साधला की, आत्मे तत्काळ वैभवात जातात आणि देह कबरेत विसावा घेतात. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ, ज्यांची मोठी शिक्षणसंस्था पुण्यास औंध येथे आहे, मृत मनुष्य पुनरुत्थानापर्यंत खरोखरच निद्रिस्त व नेणिवेत असतो असे मानतात.

महाराष्ट्रात हे सारे मराठीत कसे उतरले? थॉमस स्टीफन्सने 1616 मध्ये रायतूर येथे छापलेल्या आपल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला. गोव्याच्या कोंकणीत नरकाला ‘यमकोंड’ म्हणण्याची रूढी तर आजतागायत टिकून आहे. यमाचे कुंड ख्रिस्ती झाले, यम मात्र बाहेर राहिला! दोन शतकांनंतरच्या प्रॉटेस्टंट भाषांतरकारांचा मार्ग वेगळा. विल्यम केरीचा मोडी लिपीतील नवा करार 1811 चा, अमेरिकन मराठी मिशनचा मुंबईत छापलेला 1826 चा. पुढे मराठी बायबलात ‘अधोलोक’, ‘अग्नीचे सरोवर’, ‘जीवनाचे पुस्तक’ अशी परिभाषा रुळली, जिच्यात देवतांची नावे टाळलेली आहेत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर तर पौराणिक संस्कार वाहणाऱ्या शब्दांपासून हेतुपूर्वक दूर राहते. कॅथलिकांच्या अंत्यविधीची भाषा मात्र याच काळात लॅटिनच होती. मराठी स्तोत्रे व प्रश्नोत्तरावल्या होत्या. पण शवापुढे गाइले जाणारे क्रोधाच्या दिवसाचे भयंकर गीत ईस्ट इंडियन कोळ्याच्या वा शेतकऱ्याच्या कानी पडे ते न कळणाऱ्या भाषेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, मिस्सा मराठीत येऊ लागली, आणि जवळजवळ त्याच वेळी ते गीत अंत्यविधीतून वगळले गेले. भयाचा शब्द कळण्याजोगा होण्याच्या बेतात होता, तोच तो निघून गेला. त्याच्या जागी आशेचे शब्द आले.

देहाविषयीच्या नियमांतही असेच वळण दिसते. दहनास 1886 मध्ये रोमने मनाई केली होती. 1963 मध्ये ती उठली, मात्र पुनरुत्थानाचा इन्कार करण्यासाठी दहन केलेले नसावे ही अट राहिली. 2016 मध्ये आणखी स्पष्ट करण्यात आले की, रक्षा विखरून टाकू नये, घरीही ठेवू नये, पवित्र स्थळी ठेवावी. देवाला राखेतून मनुष्य उठविता येत नाही असे कोणी म्हणत नाही. निजलेल्यास निजावयाची जागा असावी, एवढाच यातील आशय. कोनाड्यातील अस्थींनाही तोच न्याय लागू होतो.

त्या कुटुंबास यातील बरेचसे सांगितले, अर्थात पोपची भानगड गाळून. दोन्ही शब्द पौलाचेच आहेत, एकात आत्म्याची व दुसऱ्यात देहाची वार्ता आहे, आणि दोन्ही पंथ या ना त्या रीतीने दोन्ही गोष्टी मानीत आले आहेत, हे ऐकल्यावर धाकट्याने विचारले, “मग भिंतीत आहे ते काय, सर?” त्यावर मी अस्थी एवढेच म्हणालो. थोडा वेळ कोणी बोलले नाही. पाटीवर ‘ख्रिस्तात निजली’ हे शब्द कोरावयाचे ठरले, आणि वर्षश्राद्धासारखा जो पुण्यस्मरणाचा मजकूर वर्तमानपत्रात द्यावयाचा होता, त्यात ‘ख्रिस्तवासी’. 2 नोव्हेंबरला थोरल्याने नेहमीप्रमाणे मिस्सा अर्पिली. धाकटा मिस्सेला बसला नाही. ती आटोपेपर्यंत तो फुले घेऊन भिंतीपाशी उभा होता.